बेडकाचं पाणी

"सिस्टर, आपल्या प्रयोगशाळेत मेलेला बेडूक ज्या पाण्यात बुडवून ठेवलाय ना, तेच पाणी लसीत असतं, हे खरं का?"

प्रश्न टाकून 'पत्रक' या टोपणनावाची ती मुलगी उभीच राहिली. वर केलेला हात खाली घ्यायचा असतो हेसुद्धा ती विसरली. सभागृहात नववीच्या तिन्ही तुकड्या दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि त्यांच्यातून हशा असा उसळला की खिडकीतलं कबुतर फडफडत उडालं.

तो बेडूक शाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. काचेच्या बरणीत, पिवळट पाण्यात, पोट पुढे काढून आणि डोळे वटारून तो वर्षानुवर्षं तरंगत होता. मुली त्याला 'हेडसर' म्हणायच्या.

पैज लागली होती आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत. पैज लावणाऱ्या दोघी पत्रकच्या जिवाभावाच्या: एक ठसका, जिला हसू आलं की खोकल्याची उबळ यायची, आणि दुसरी वकील, जिला कशातही मुद्दा सापडायचा.

"तू विचारणार? तू?" वकील म्हणाली होती. "मागच्या वर्षी हजेरीला 'हजर' म्हणताना तुझा आवाज फुटत नव्हता. बाई तुझी गैरहजेरी लावायच्या, तू समोर बसलेली असताना!"

"ती मागच्या वर्षीची मी," पत्रक म्हणाली. "तिला मी ओळखत नाही."

ते खरंच होतं. यंदा बाईंनी तिला सूचना वाचायला उभं केलं, आणि तिला स्वतःलाच शोध लागला की आपल्याला आवाज आहे आणि तो चांगला खणखणीत आहे. तेव्हापासून तिला थांबवणं अवघड झालं होतं. नवी सायकल मिळालेलं पोर कोपऱ्यावरच्या दुकानालासुद्धा सायकलवरूनच जातं, तसं तिचं चाललं होतं. कुठेही हात वर.

आणि 'पत्रक' हे नाव पडलं आईच्या नोकरीमुळे. औषधाच्या खोक्यात 'पत्रक' नावाचा बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो, जो उलगडला की परत तसाच घडी होत नाही, तो छापणाऱ्या छापखान्यात आई मुद्रितं तपासायची, छपाईआधीच्या चुका शोधायची. छपाईत बिघडलेले कागद घरी यायचे. घरातल्या प्रत्येक खणात, प्रत्येक फळीवर तेच अंथरलेले. बाकीची पोरं चित्रांच्या पुस्तकांवर वाचायला शिकली, ही 'मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ' यांवर. पहिलीत बाईंनी 'म'वरून शब्द विचारला तेव्हा सगळ्यांनी मगर, मका सांगितलं. हिने सांगितलं, "मूत्रविकार."

तर पैजेसाठी तिच्याइतकं लायक दुसरं कोण होतं?

समोर उभ्या असलेल्या सिस्टर गावातल्या आरोग्य केंद्रातून आल्या होत्या. शुक्रवारी नववीला धनुर्वात आणि घटसर्पाची लस द्यायची होती, म्हणून मंगळवारी माहिती सांगायला. वयाने आईपेक्षा थोड्या मोठ्या, पायात कापडी बूट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हशा ओसरेपर्यंत त्या थांबल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "असतं. अगदी नखाएवढंही नाही, पण असतं."

बाजूला बसलेल्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. पत्रकला वाटलं होतं, सिस्टर म्हणतील 'छे गं, वेडी की काय', मग सगळे पुन्हा हसतील, आणि आपण ऐटीत खाली बसू. 'हो'ची तयारी तिने केलीच नव्हती.

"त्याला फॉर्मॅलिन म्हणतात," सिस्टर पुढे म्हणाल्या. "ते का असतं, तेही ऐका. धनुर्वाताचा जंतू अंगात शिरला की विष तयार करतो. लस करताना ते विषच घेतात—"

"ई!" मागून कुणीतरी.

"—विषच घेतात, आणि फॉर्मॅलिन वापरून त्याची नांगी मोडतात. नंतर ते फॉर्मॅलिन काढून टाकतात. काढल्यावर जे काही उरतं, ते—"

आणि घंटा वाजली.

जेवणाच्या सुट्टीची घंटा ती. तीन तुकड्यांनी एकाच वेळी डबे उचलले. सिस्टरांचे ओठ हलताना पत्रकला दिसत होते, पण बाकांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. ठसक्याने तिला मागून मिठी मारली आणि खोकत खोकत म्हणाली, "जिंकलीस! आठवडाभर तुझं दप्तर मी उचलणार!"

पत्रक तरंगतच वर्गात गेली. दहावीची मुलं तिला बोट दाखवत होती. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शाळा सुटेपर्यंत मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. लसीत बेडकाचं पाणी असतं, लसीत विष असतं, सिस्टरांनी स्वतः कबूल केलं, आणि बाईंनी मुद्दाम घंटा लवकर वाजवायला लावली. आठवीच्या एका मुलीने तर हेडसरांच्या बरणीतलं पाणी कमी झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

संमतीचे अर्ज वाटले गेले तेव्हा वकिलीणबाई बाकाबाकांवर फिरून आल्या. "चौतीसपैकी एकोणीस जणी 'संमती नाही'वर खूण करून आणणार म्हणतायत. तुझा साक्षीदार फुटला बाई. कबुलीजबाबच दिला."

"पण त्यांचं बोलणं अर्धंच झालं होतं," पत्रक म्हणाली.

"अर्ध्यात 'हो' आला ना? झालं तर."

ठसक्याला तिने विचारलं, "तू?"

ठसका एरवी अशा वेळी हसली असती. आज तिने अर्ज चार घड्या घालून वहीत सरकवला. "मी आईला सांगणार, नको. विष म्हणाल्या त्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुझ्यामुळे कळलं तरी."

'तुझ्यामुळे' हा शब्द पत्रकने घरापर्यंत बरोबर नेला. दप्तर ठसक्याने उचललं होतं, तरी खांदे जड वाटत होते.

संध्याकाळी बाबा दुकानातून आले. बाबा रंगाच्या दुकानात रंग मिसळायचे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा किंवा भिंतीचा टवका घेऊन यायचं आणि बाबा नेमका तोच रंग करून द्यायचे, पांढऱ्यात थेंब थेंब टाकून. यंत्र आलं होतं दुकानात, पण यंत्राने केलेला रंगसुद्धा गिऱ्हाईक बाबांना दाखवून घ्यायचं. घरी आले की धाकट्या भावाचा खेळ ठरलेला: बाबांची नखं बघून आजचा रंग ओळखायचा. हा भाऊ साडेनऊ वर्षांचा, घरात सगळे त्याला भिंगरी म्हणायचे, कारण तो चालायचा नाही, गरगरायचा.

"विटकरी!" भिंगरीने ओरडून सांगितलं.

"विटकरीत किती पिवळा?"

"तीन थेंब!"

"पाच. पण जवळ आलास." बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. तेवढंच बोलणं. बाबा मुळात कमी बोलणारे. दिवसभरातले शब्दसुद्धा मोजून वापरतात की काय, असं आई म्हणायची.

पत्रकने अर्ज पुढे केला. बाबांनी वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली, ती कोरी होती.

"बघू," ते म्हणाले.

बाबांचा 'बघू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती दहा वर्षांची असतानाही एक असाच अर्ज आला होता. तोही 'बघू'त गेला तो परत आला नाही.

"बाबा, शुक्रवारी आहे. त्यात फॉर्मॅलिन असतं, पण अगदी कणभर—" आपण कुणाची बाजू घेतोय हे तिचं तिलाच कळेना.

"कणभर." बाबांनी नखाच्या कडेचा विटकरी रंग अंगठ्याने खरवडला. "वीस लिटर पांढऱ्याच्या डब्यात काळ्याचा एक थेंब पडला, तर तुला दिसणार नाही. आईला दिसणार नाही. मला दिसतो. तो डबा पुन्हा पांढरा होत नाही." मग भिंगरीकडे बघून म्हणाले, "याच्या वेळी पण कणभरच होतं."

त्यांनी अर्ज कपाटाच्या खणात ठेवला, खण लावला आणि हातपाय धुवायला गेले. आई कांदा चिरत होती. सुरी थांबली होती.

पूर्वीची पत्रक असती तर अभ्यासाला बसली असती. आताची स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, याच्या वेळी काय झालं होतं?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणताना तू कांदा कापत नाहीयेस."

आईने सुरी खाली ठेवली. न्हाणीघरातल्या नळाचा आवाज येत होता तोवर तिने हलक्या आवाजात सांगितलं. भिंगरी दीड वर्षाचा होता. दुपारी लस दिली. आई कामावर होती, बाबांना सुट्टी होती. संध्याकाळी त्याला ताप चढला, आणि बाबांच्या मांडीवरच त्याला झटका आला. अंग ताठ झालं, डोळे फिरले, हातपाय उडायला लागले. बाबा त्याला घेऊन रस्त्याने पळत सुटले. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबला होता. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना जास्त तापात असं कधीकधी होतं, मागे काही राहत नाही.

"आणि राहिलं का?"

बाहेर भिंगरी खुर्चीवरून उडी मारून खुर्चीसकट पडल्याचा आवाज आला. "बघतेयस ना तू," आई म्हणाली. "पण बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती, एकात नव्हती. ते रागावलेसुद्धा नाहीत. फक्त एवढंच विचारलं, 'असं होऊ शकतं, हे कुणाला माहीत होतं का गं?' मी म्हटलं, नाही."

पत्रकला ती चप्पल आठवली. सहा वर्षांची होती ती तेव्हा. दारात एकटीच चप्पल बघून हसली होती, तेही आठवलं.

"मी खोटं नव्हते बोलले," आई म्हणाली. मग कांद्याकडे बघत पुढे म्हणाली, "पण खरंही नव्हतं ते." तेवढ्यात नळ बंद झाला, आणि आईनेही तोंड मिटलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर पत्रक तडक आरोग्य केंद्रात गेली. ठसक्याला म्हणाली, "दप्तर दे इकडे, पैज मोडली." केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. आतल्या खोलीत सिस्टर गुडघ्यांवर बसून, लसी ठेवायच्या फ्रीजमधला तापमापक बघून तक्त्यावर आकडा लिहीत होत्या.

"बेडूकवाली!" त्यांनी मान न वळवता ओळखलं. काचेच्या दारात तिचं प्रतिबिंब पडलं होतं.

"सॉरी, सिस्टर. ती पैज होती. आणि आता एकोणीस जणी..."

"बावीस," सिस्टर म्हणाल्या. "बाईंचा फोन आला होता. सॉरी कशाला? प्रश्न चांगला होता. खोटं बोलले असते तर तू घरी जाऊन शोधलं असतंस आणि माझ्यावरचा विश्वासच उडाला असता. चूक माझी. एवढं मोठं उत्तर घंटेला पाच मिनिटं असताना सुरू करायचं नसतं. बस."

ती स्टुलावर बसली आणि तिने बाबांचा काळा थेंब जशाचा तसा सिस्टरांपुढे ठेवला.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या, गुडघे चोळले. "बाबांना सांग, ते म्हणतात ते बरोबर आहे. थेंब मोजावाच लागतो. कणभर आहे, जाऊ दे, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातची लस मी स्वतःसुद्धा घेणार नाही. पण एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली दिसत नाही. हा डबा मुळात पांढरा नाहीये."

"म्हणजे?"

"फॉर्मॅलिनमध्ये असतं ना, तेच रसायन तुझं अंग स्वतःच तयार करतं. आत्ता, इथे बसल्या बसल्या. कामापुरतं वापरतं, उरलेलं मोडून टाकतं. या लसीत जेवढं उरतं, त्याहून जास्त तुझ्या रक्तात आधीच आहे. विटकरी डब्यात विटकरीचाच एक थेंब. बाबांना तो दिसेल?"

पत्रकने विचार केला. "नाही," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे, "पण ते म्हणतील, करून दाखवा."

सिस्टर मोठ्याने हसल्या. "माणूस बघायला हवा हा."

मग पत्रकने विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. नांगी मोडलेल्या विषाचा उपयोग काय? "ओळख पटायला. रूप तेच, डंख नाही. अंग ते बघतं, त्याला पकडायचं कसं ते शिकतं आणि लक्षात ठेवतं." मग लहानपणी घेतली होती, आता पुन्हा कशाला? "एकोणीसचा पाढा म्हण." पत्रकने सुरुवात केली आणि सहाव्या पायरीवर अडखळली. "येत होता ना चौथीत? उजळणी नको?" अ‍ॅल्युमिनियमपण असतं म्हणे? "त्याचा क्षार. तोही थोडासा. त्याच्यामुळे अंगाचं लक्ष पटकन तिकडे जातं. दंड दुखतो त्यात त्याचाही वाटा आहे."

"आणि वाईट काय होतं? खरं सांगा."

सिस्टरांनी खोक्यातून घडी घातलेला कागद काढला. "यात सगळं आहे. वाच."

पत्रकने उलगडला आणि सवयीप्रमाणे सुरू झाली, "टोचलेल्या जागी वेदना स्वल्पविराम सूज स्वल्पविराम लाली स्वल्पविराम ताप स्वल्पविराम डोकेदुखी पूर्णविराम..."

"हे काय गं?"

"आई घरी असंच वाचून घेते. छापखान्यात दोघं बसतात, एक मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ कागदावर बोट फिरवतो. विरामचिन्हंसुद्धा वाचायची, नाहीतर चूक निसटते. अर्थाकडे बघायचं नाही म्हणते आई. अर्थाच्या मागे गेलं की डोळे पुढे पळतात आणि..."

ती मध्येच थांबली. खोली थंड होती, फ्रीज घुमत होता.

"मग आता अर्थाकडे बघून वाच," सिस्टर म्हणाल्या.

वाचता वाचता 'क्वचित' आला, 'अत्यंत क्वचित' आला. तीव्र अ‍ॅलर्जीपाशी तिने मान वर केली. "तुम्ही पाहिलीय?"

"बावीस वर्षांत एकदा. माणूस ठणठणीत आहे. त्याच्यावरचं इंजेक्शन या ट्रेमध्ये कायम असतं, आणि म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवते. तुमच्या वयाच्या मुली चक्कर येऊनही पडतात, बहुतेक भीतीने."

मग पत्रकने भिंगरीचं सांगितलं. सिस्टरांनी हातातला तक्ता बाजूला ठेवून ऐकलं.

"तो झटका तापाचा," त्या शेवटी म्हणाल्या. "लहान मुलांचा. दिसायला भयंकर, पण बहुतेकदा मागे काही ठेवत नाही. तुझ्या वयात तसला झटका येत नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय त्याच्या लसीत डांग्या खोकल्याचा भाग होता, ताप जास्त चढतो तो त्याने. तुमच्या या लसीत तो नाही. पण बाबांना लस टोचतानाच हे कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग ते रागावले असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे." सिस्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "आठ वर्षांपूर्वी इथे मीच असणार. रांग असते, पोरं रडत असतात. ताप येईल, हे औषध द्या, पुढचा. एवढंच सांगून झालेलं असणार."

पत्रक घरी पोचली तेव्हा बाबा आले होते. नखं निळी होती. भिंगरीचा खेळ आटोपला होता आणि तो जमिनीवर पडून भूगोलाचा नकाशा रंगवत होता, समुद्रालासुद्धा हिरवा. पत्रकने काही न बोलता खण उघडला, आतला अर्ज काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी सिस्टरांनी दिलेला कागद.

"खण पूर्ण बाहेर काढ," आई दारातून म्हणाली.

"काय?"

"पूर्ण काढ. तळाला अंथरलेला कागद आहे ना, तो दे मला."

खण ओढला. बिलं, चाव्या, जुने फोटो बाजूला केले. तळाला नेहमीसारखा पत्रकाचा कागद होता, पण छापलेली बाजू खाली. बाकीच्या खणांत तो सुलटा असायचा. पत्रकला हे आजवर कधी खटकलं नव्हतं.

आईने कागद हातात घेतला, आणि तो बाबांना न देता स्वतःच वाचला. स्वल्पविराम न उच्चारता. "लहान मुलांमध्ये क्वचित प्रसंगी तापासोबत झटके येऊ शकतात. असे झाल्यास..." तिने कागद खाली घेतला. "अहो, भिंगरीच्या लसीचं पत्रक आहे हे. त्याला टोचली त्याच महिन्यात माझ्या टेबलावर होतं. तीस वेळा तरी वाचलं असेन. प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा. 'झटके'तल्या 'ट'च्या जागी एका ठिकाणी 'ठ' छापला गेला होता, तोसुद्धा मी पकडला. पण शब्द काय आहे ते डोक्यात शिरलंच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मनापासून 'नाही' म्हणाले. आठ दिवसांनी कामावर हीच ओळ समोर आली. मग ती तुम्हाला दाखवायची हिंमत झाली नाही. फेकायचीही झाली नाही."

भिंगरीची पेन्सिल तेवढी कागदावर खसखसत होती.

बाबांनी कागद घेतला. ती ओळ त्यांनी निळ्या नखाखाली धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. पत्रकला वाटलं, आता ते उठून बाहेर जातील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"असे झाल्यास," बाबा हळूच म्हणाले. "पुढे लिहिलंय, मुलाला कुशीवर झोपवावे. धरून ठेवू नये." ते थांबले. "मी घट्ट धरलं होतं त्याला. आठ वर्षं मला वाटतंय, मीच आवळून त्याला मारत होतो."

आई त्यांच्या शेजारी बसली. "तुमची काही चूक नव्हती."

"तुझीही नव्हती. पण एक ओळ, अगं. एक ओळ आधी कळली असती, तर घाबरलो असतोच. पण काय चाललंय ते तरी कळलं असतं."

"कोण कुणाला मारत होतं?" भिंगरीने विचारलं.

"तू समुद्राला हिरवा मारतोयस," बाबा म्हणाले. "निळा घे. माझ्या नखासारखा."

पत्रक उभी होती. अर्ज टेबलावर होता, त्यावर दोन चौकोन, दोन्ही कोरे. आता पेन पुढे केलं तर बाबा सही करून टाकतील, हे तिला चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि ती सही कशी असेल, हेही दिसत होतं: थकलेल्या माणसाची, आणखी काही न विचारता केलेली. त्या दिवशी केंद्रात भिंगरीला टोचून घेताना केली असेल तशीच.

तिने पेन उचललं आणि स्वतःच्या केसांत खोचून ठेवलं.

"आई, बाबा, मी काय ठरवलंय ते ऐका," ती म्हणाली. आवाज आपोआपच सभागृहातला निघाला, भिंगरीने कान झाकले. "शुक्रवारी मला लस घ्यायचीय. दंड दुखेल, ताप येईल कदाचित, ते मला माहितेय आणि चालणार आहे. त्याआधी, उद्या पहिल्या तासाला वर्गात उभं राहून सिस्टरांनी दिलेलं हे पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार, वाईट ओळींसकट. अर्धं उत्तर माझ्यामुळे पसरलंय, उरलेलं मीच पोचवणार. पण तुमची सही मी आज घेणार नाही, बाबा. उद्याच माझी शाळा सुटल्यावर दुकानातून तासभर सुट्टी काढा. आपण तिघं सिस्टरांकडे जायचं. त्या दिवशी तुम्हाला जे जे विचारायचं होतं ते सगळं विचारायचं, आणि संपूर्ण उत्तर ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही, घंटा वाजली तरी. पटलं तरच सही करा. हात मी वर करते. विचारायचं मात्र तुम्ही."